इफ-एल्स भलत्याच वाटेने जातंय? आधी लक्षणं ओळखा, मग या क्रमाने तपासा

पहिल्या सत्रात इफ-एल्सचं (अट खरी असेल तर हे कर, नाहीतर ते) प्रॅक्टिकल लागलं की लॅबमध्ये दरवर्षी त्याच हाका ऐकू येतात. "सर, वीस गुण टाकले तरी पास म्हणतंय." "मॅडम, दोन्ही ओळी छापल्या." मशीन बिघडलेलं नसतं आणि पायथनही बिघडलेलं नसतं. आपल्या मनात एक प्रश्न असतो, इफच्या ओळीत दुसराच लिहिला जातो, आणि कॉम्प्युटर लिहिलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो. तो लिहिलेला प्रश्न नेमका कोणता, हे शोधून काढणं एवढंच काम असतं. हाच दोष वर्षानुवर्षं दुरुस्त करताना जो क्रम हाताशी बसला तो खाली देतोय: आधी मिनिटभराच्या तपासण्या, डोकं लावायच्या शेवटी.

उदाहरणं मुख्यतः पायथनची आहेत. सी शिकणाऱ्यांची अडचण वेगळी असेल तिथे तसं सांगितलंय. वाचायला सोपं जावं म्हणून कोडमधले शब्द आणि आकडे देवनागरीत लिहिले आहेत. मशीनवर इफ, एलिफ (आधीची अट खोटी ठरली तरच विचारायची पुढची अट), एल्स, प्रिंट हे शब्द आणि आकडे इंग्रजीतच टाइप करायचे. व्हेरिएबलचं नाव मात्र पायथन ३ मध्ये खरोखरच "गुण" असं मराठीत ठेवता येतं.

लक्षणं

- प्रोग्राम सुरूच होत नाही. सिंटॅक्स एरर किंवा इंडेंटेशन एरर दिसते. (तपासणी १ ते ३)
- आकडा टाकला की टाइप एरर येऊन प्रोग्राम थांबतो. (५)
- काहीही टाका, उत्तर एकच. (३, ४, ५, ८)
- एकाच विद्यार्थ्याला दोन-तीन शेरे मिळतात, किंवा ९२ टक्क्यांनाही नुसतं "पास". (६)
- बाकी सगळं बरोबर, फक्त बरोब्बर ३५ किंवा बरोब्बर १०० टाकलं की चूक. (७)
- डोळ्यांना दोन शब्द अगदी सारखे दिसतात, तरी कॉम्प्युटर ते वेगळे मानतो. (५)
- एररही नाही आणि काही छापलंही जात नाही. एकही अट खरी ठरली नाही आणि एल्स लिहिलेलाच नाही, असं बहुतेक वेळा असतं. शेवटी एक एल्स जोडा, त्यात मिळालेली किंमत छापा आणि मग ४ पासून पुढे जा.

१. फाइल सेव्ह झाली आहे का, आणि तीच चालते आहे का?

कोड बदलला, पण उत्तर तसूभरही बदललं नाही, तर आधी इथे बघा. व्हीएस कोडमध्ये सेव्ह न झालेल्या फाइलच्या टॅबवर फुलीच्या जागी गोल ठिपका दिसतो. एकाच नावाच्या दोन फाइल, एक डेस्कटॉपवर आणि एक पेन ड्राइव्हवर, हेही सर्रास होतं. खात्री करायची तर पहिल्याच ओळीत प्रिंट("नवी फाइल") लिहा आणि चालवा. हे छापलं नाही, तर तुम्ही दुरुस्त करताय एक फाइल आणि चालवताय दुसरी. तोवर पुढची कुठलीच तपासणी खरं उत्तर देणार नाही, म्हणून ही पहिली.

२. एरर शेवटच्या ओळीपासून वाचा

लाल अक्षरं दिसली की बहुतेक जण ती खिडकी बंद करून कोडकडे बघत बसतात. उलट करा. पायथनच्या एररची शेवटची ओळ आधी वाचा, मग ओळीचा क्रमांक. त्या ओळीत काही सापडलं नाही तर तिच्या वरची ओळ बघा, कारण न बंद केलेला कंस वरच्या ओळीत असला तरी जुन्या आवृत्त्यांना तो खालच्या ओळीवर आल्यावर खटकतो. २०२१ मध्ये आलेल्या ३.१० या आवृत्तीपासून हे संदेश पुष्कळ सुधारले. कोलन राहिला तर तसं स्पष्ट सांगतात, आणि अटीत = लिहिलं तर "== म्हणायचं होतं का" असंही विचारतात. घरच्या मशीनवर जुनं पायथन असेल तर एवढ्यासाठी तरी नवं घ्या.

इथे सापडणारे नेहमीचे दोष: इफ, एलिफ किंवा एल्सच्या ओळीच्या शेवटी कोलन नाही. पायथनमध्ये एलिफऐवजी "एल्स इफ" असे दोन शब्द लिहिलेत. एल्सपुढे अट लिहिली आहे. एल्सला अट नसतेच, वरचं काहीच जुळलं नाही तर तो आपोआप चालतो. आणि व्हॉट्सॲपवर किंवा पीडीएफमध्ये आलेल्या नोट्समधून कोड उचलला असेल तर अवतरणचिन्हं वळणदार आलेली असतात. ती पायथनला चालत नाहीत; पुसून कीबोर्डवरून पुन्हा टाइप करा.

३. कोणती ओळ इफच्या आत आहे?

एरर नसतानाही इथे घोटाळा होतो, म्हणून या तपासणीला जरा वेळ द्या.

इफ गुण >= ३५:
    प्रिंट("पास")
प्रिंट("अभिनंदन")

नापास झालेल्यालाही "अभिनंदन" मिळेल. पायथनमध्ये ओळ आत की बाहेर हे फक्त डावीकडच्या मोकळ्या जागेवर ठरतं, आणि शेवटची ओळ बाहेर आहे. ती आत घ्यायची तर पास छापणाऱ्या ओळीइतकीच, चार स्पेस सोडून लिहा. काही ओळींना टॅब आणि काहींना स्पेस असं मिसळलं की टॅब एरर येते. एडिटरमध्ये टॅबच्या जागी स्पेस टाकायची सेटिंग एकदा करून ठेवा.

सी मध्ये मोकळ्या जागेला काही अर्थ नाही. तिथे महिरपी कंस नसतील तर इफच्या खालचं फक्त एकच विधान आत धरलं जातं, दुसरं तुम्ही कितीही आत सरकवून लिहा. ही नवशिक्यांचीच चूक आहे असं समजू नका. २०१४ च्या फेब्रुवारीत ॲपलला आयफोनसाठी तातडीची दुरुस्ती काढावी लागली. सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या कोडमध्ये इफच्या खालची "गोटू फेल" (म्हणजे मधलं सोडून थेट "फेल" या जागी उडी मार) ही ओळ दोनदा आली होती. कंस नसल्यामुळे दुसरी ओळ अटीबाहेर पडली, दर वेळी चालली आणि पुढची महत्त्वाची तपासणी गाळली गेली. म्हणून आत एकच ओळ असली तरी महिरपी कंस घाला, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

सी चा दुसरा नेहमीचा दोष म्हणजे अटीच्या कंसानंतर लगेच अर्धविराम:

इफ (गुण >= ३५);

त्या अर्धविरामाशी इफ संपला. खालचा भाग आता कोणासाठीही चालतो. "काहीही टाका, पासच" या तक्रारीत सी वाल्यांनी आधी हेच बघावं.

४. अट छापून बघा

या पोस्टमधली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. इफच्या बरोबर आधी ही ओळ लिहा:

प्रिंट(गुण, गुण >= ३५)

स्क्रीनवर गुणांची किंमत येईल आणि शेजारी ट्रू किंवा फॉल्स. इफला दिसतं ते एवढंच. तुमच्या अपेक्षेपेक्षा उत्तर वेगळं आलं तर दोष अटीत आहे. पुढे ५, ७, ८ बघा. उत्तर बरोबर आलं आणि तरी भलतंच छापलं जातंय, तर दोष मांडणीत किंवा क्रमात आहे. ३ आणि ६ बघा. एका ओळीत निम्मा शोध संपतो. मुलं ही ओळ लिहायला कंटाळतात आणि त्याऐवजी >= चं > करून, मग पुन्हा >= करून नशीब आजमावतात. त्यात कधी उत्तर जुळतंही, पण का जुळलं ते कळत नाही आणि पुढच्या प्रोग्रामात तोच दोष परत येतो.

याच ठिकाणी = आणि == तपासा. एक चिन्ह किंमत भरतं, दोन चिन्हं तुलना करतात. पायथन अटीत एकेरी चिन्ह चालवूनच घेत नाही. सी चालवून घेतं: इफ (गुण = ३५) लिहिलं की गुणांत ३५ भरले जातात, आणि शून्य सोडून सगळं खरं धरलं जात असल्याने अट कायम खरी. २००३ मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, कोणीतरी चोरवाट घुसवायचा प्रयत्न केला होता, तो नेमका या एका चिन्हावर बेतलेला होता. वापरकर्ता क्रमांक शून्य आहे का हे विचारल्यासारखं दिसायचं, प्रत्यक्षात तो क्रमांक शून्य करून वापरणाऱ्याला सर्वाधिकार मिळत होते. वेळीच पकडला गेला. जीसीसी हा सी चा कंपायलर वापरत असाल तर वॉल (-Wall) हा पर्याय देऊन कंपाइल करा; अटीतल्या एकेरी = बद्दल तो इशारा देतो. इशारे येऊनही प्रोग्राम चालतो म्हणून ते वाचायचे सोडू नका.

५. आलेली किंमत आकडा आहे की मजकूर?

पायथन ३ मध्ये इनपुटमधून जे येतं ते नेहमी मजकूर असतं, तुम्ही ३५ टाइप केलं तरी. त्याची ३५ या आकड्याशी >= लावून तुलना केली की टाइप एरर येते. तशी एरर आली तर बरंच, दोष लगेच समजतो. == लावलं तर एररही येत नाही, नुसतं फॉल्स येत राहतं.

याहून वाईट म्हणजे एरर घालवण्यासाठी काही जण ३५ लाच अवतरणचिन्हांत टाकतात. एरर जाते, पण आता तुलना शब्दकोशासारखी, डावीकडून एकेक अक्षराची होते. "९" हे "३५" पेक्षा मोठं ठरतं, कारण ९ हे ३ नंतर येतं. "१००" लहान ठरतं, कारण १ हे ३ च्या आधी येतं. नऊवाला पास, शंभरवाला नापास. उपाय एकच: इनपुट इंट मध्ये गुंडाळून, म्हणजे गुण = इंट(इनपुट()) असं लिहून, आकडा करून घ्या. मराठी कीबोर्डवरून कोणी ४५ देवनागरीत टाइप केलं, तरी पायथनचं इंट ते नीट वाचतं.

शब्दांची तुलना असेल तर रेप्र (repr) लावून छापा: प्रिंट(रेप्र(उत्तर)). "हो" च्या मागे चिकटलेली स्पेस त्यात दिसते; स्ट्रिप ती काढून टाकतं. मराठी मजकुराची आणखी एक अडचण आहे, ती पुस्तकांत सहसा सांगितलेली नसते. "दुसऱ्या" हा शब्द दोन पद्धतींनी टाइप होतो. एका पद्धतीत ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरलं जातं, दुसरीत साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर तंतोतंत तेच, पण लांबी मोजणारं लेन (len) लावलं तर एकाची लांबी ७ येते, दुसऱ्याची ८, आणि == फॉल्स म्हणतं. वेगवेगळ्या कीबोर्डांवरून भरलेली गावांची किंवा आडनावांची यादी तुलनेला घ्याल तेव्हा लांबी छापून बघा. नवशिक्याने अशा ठिकाणी शब्दाऐवजी क्रमांक निवडायला लावावा, हे उत्तम.

६. अटींचा क्रम

दहावीच्या श्रेणी घ्या: ७५ टक्के आणि वर प्रावीण्य, ६० आणि वर प्रथम, ४५ आणि वर द्वितीय, ३५ आणि वर उत्तीर्ण. चारही अटी सुटे इफ म्हणून लिहिल्या तर ९२ वाल्याला चारही शेरे मिळतात, कारण प्रत्येक इफ स्वतंत्र विचारला जातो. एलिफ लावले पण ३५ ची अट सगळ्यात वर ठेवली, तर ९२ ला "उत्तीर्ण" म्हणून तिथेच साखळी संपते. पायथन पहिली खरी अट सापडली की खालचं वाचत नाही. म्हणून ७५ वर, ३५ खाली.

आकड्यांची उतरंड मुलांना पटकन कळते. खरी परीक्षा होते ती दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्यावर. एसटीच्या सवलतीचा प्रोग्राम मी म्हणूनच करायला देतो. ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत, ६५ ते ७५ मध्ये निम्मं तिकीट, आणि २०२३ पासून सर्व महिलांना निम्मं तिकीट. बहुतेकांकडून येणारं उत्तर असं:

इफ लिंग == "स्त्री":
    तिकीट = भाडं / २
एलिफ वय >= ७५:
    तिकीट = ०
एलिफ वय >= ६५:
    तिकीट = भाडं / २
एल्स:
    तिकीट = भाडं

आजोबांचं वय ८० टाकून बघतात, शून्य येतं, खूश होतात. ऐंशी वर्षांच्या आजींना मात्र हा प्रोग्राम निम्मं तिकीट फाडायला लावतो. एरर नाही, इशारा नाही, प्रत्येक अट सुटी वाचली तर बरोबर. चूक फक्त क्रमात: आजी पहिल्याच अटीत अडकल्या, मोफतच्या अटीपर्यंत पोचल्याच नाहीत. वयाची ७५ ची अट सगळ्यात वर घेतली की सुटतं. आता पाच वर्षांखालच्या मुलांना मोफत आणि पाच ते बारा वयाला निम्मं हे नियम तुम्ही जोडा, आणि तीन वर्षांच्या मुलीचं वय टाकून बघा. कोणत्या अटी एकाच माणसाला एकदम लागू पडतात, हे आधी वहीत लिहा. त्यातली जिच्या बाजूने निकाल लागायला हवा ती वर.

एल्स कोणाचा, हेही इथेच बघून घ्या. तो त्याच्याच साखळीचा असतो. तीन सुटे इफ आणि शेवटी एक एल्स असेल, तर तो फक्त तिसऱ्या इफचा.

७. काठावरचे आकडे

महावितरणच्या घरगुती बिलात टप्पे असतात: १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, त्यापुढे. यात "युनिट < १००" लिहिलं की बरोब्बर १०० युनिटवाला पुढच्या दराने बिल भरतो. दुसऱ्या टप्प्याला "युनिट > १०१" लिहिलं की १०१ वाला कुठल्याच टप्प्यात बसत नाही. प्रत्येक सीमेसाठी तीन आकडे टाका: एक अलीकडचा, एक सीमेवरचा, एक पलीकडचा. ९९, १००, १०१. मधले आकडे टाकून ही चूक कधीच सापडत नाही. एक्स्टर्नल ओरलला नेमका काठावरचाच आकडा विचारतात, ते उगाच नाही.

दशांश अपूर्णांक असतील तर == वापरूच नका. पायथनमध्ये ०.१ + ०.२ == ०.३ हे फॉल्स येतं, कारण हे अपूर्णांक बायनरीत पुरते बसत नाहीत. रुपयांचा हिशेब पैशांच्या पूर्णांकात करा.

८. अँड, ऑर, नॉट

इफ उत्तर == "हो" ऑर "होय":

मराठीत हे वाक्य बरोबर वाटतं. पायथन मात्र ऑरच्या दोन्ही बाजू स्वतंत्र अटी म्हणून वाचतं, आणि नुसता "होय" हा रिकामा नसलेला मजकूर असल्याने तो कायम खरा. दोन्हीकडे पूर्ण तुलना लिहा.

दुसरा जुना दोष (!= म्हणजे "समान नाही"):

इफ उत्तर != "हो" ऑर उत्तर != "नाही":
    प्रिंट("चुकीचं उत्तर")

"हो" टाकलं तर ते "नाही" नाही, म्हणून दुसरी बाजू खरी. "नाही" टाकलं तर पहिली खरी. म्हणजे नेहमीच "चुकीचं उत्तर". इथे अँड हवं. नकार आत घेताना ऑरचं अँड होतं आणि अँडचं ऑर, हा डी मॉर्गनचा नियम. तो मांडणारे ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ साली आपल्या मदुराईत जन्मले.

सी वाल्यांसाठी: ३५ <= गुण < ६० असं सलग लिहू नका. पायथनला ते गणितासारखंच कळतं. सी मध्ये आधी ३५ <= गुण याचं उत्तर ० किंवा १ येतं आणि मग त्याची ६० शी तुलना होते, जी कायम खरी. अँड घालून दोन तुकडे करा. आणि अँड-ऑर एकत्र आले तर कंस घालाच, कारण अँड आधी सोडवला जातो. लीप वर्षाचा प्रोग्राम यासाठी उत्तम सराव आहे: १९००, २०००, २०२३, २०२४ ही चार वर्षं टाका. २००० आणि २०२४ लीप, उरलेली दोन नाहीत.

९. कागदावर ड्राय रन

इथवर येऊनही सापडलं नाही तर कीबोर्डवरून हात काढा. कागदावर तक्ता आखा: आडव्या ओळीत टाकलेल्या किमती, उभ्या रकान्यात एकेक अट, प्रत्येक चौकटीत खरं किंवा खोटं. स्वतः भरा आणि मग कॉम्प्युटरच्या उत्तरांशी ताडून बघा. जिथे पहिला फरक दिसतो तिथे दोष. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात तयार झालेला थॉनी हा मोफत एडिटर अट तुकड्या-तुकड्याने सोडवून दाखवतो. तक्ता भरल्यावर तो उघडा, आधी नको. आधी उघडला तर डोळे बघतात आणि डोकं थांबतं.

कधी थांबायचं आणि कोणाला विचारायचं

अर्धा तास झाला आणि त्याच दोन ओळी पुन्हा पुन्हा बदलताय, तर थांबा. शिकवणाऱ्या सरांना-मॅडमना विचारा.

नियम मराठीत, तोंडी, एका दमात सांगता येत नसेल, तर कोड दुरुस्त करूच नका. अडचण इफमध्ये नाही, प्रश्न समजण्यात आहे, आणि ती शिक्षकांसमोर बसूनच सुटते.

पायथन उघडतच नाही, कंपायलर सापडत नाही, फाइल सेव्ह करायला परवानगी नाही म्हणतंय, तर लॅब असिस्टंटला बोलवा. कॉलेजच्या मशीनवर स्वतः काही काढू-घालू नका.

आणि दुकानाचं बिल, सोसायटीची देखभाल वर्गणी, पगार, औषधाचा डोस यांपैकी काही तुमच्या इफवर खरोखर चालणार असेल, तर तो कोड अनुभवी प्रोग्रामरने आणि नियम त्या विषयाच्या जाणकाराने तपासल्याशिवाय वापरात आणू नका. सराव म्हणून लिहा, हिशेब मात्र त्यावर करू नका.

विचारायला जाताना चार गोष्टी न्या: दोष दाखवणारा कमीत कमी कोड, टाकलेली किंमत, अपेक्षित उत्तर आणि आलेलं उत्तर. कोड मजकूर म्हणून द्या, मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो नको. त्यात स्पेस आणि टॅब ओळखता येत नाहीत, आणि निम्म्या वेळा दोष तिथेच असतो.